रोहिणखेडची लढाई आणि तोडेदार बंदुकीची बैठक

१

जुन्या शस्त्रांच्या संग्रहांत एकादी तोडेदार बंदूक हातीं आली म्हणजे पाहणारा प्रथम तिची नळी पाहतो. नळीवर कांहीं अक्षरें आहेत काय, लोखंड पिळाचें आहे काय, तोंडाशीं सोन्याचांदीचें काम किती आहे, हें तो टिपून घेतो. नंतर कुंद्यावरील हस्तिदंताच्या पट्ट्या व रंग पाहतो, आणि यादींत दोन ओळी लिहून बंदूक पुन्हां भिंतीवर टांगतो. नळी कुंद्यावर बसली कशी आहे, ती लांकडास कोठें टेकते व कोठें टेकत नाहीं, तिला आंवळणारे बंद मूळचे आहेत कीं मागाहून घातलेले, या गोष्टींची नोंद जुन्या याद्यांत फारच क्वचित् आढळते. वास्तविक बंदुकीची गोळी नेमकी लागेल कीं नाहीं हें ज्या कारणांवर ठरतें, त्यांत लोखंड व लांकूड यांचा हा सांधा एक प्रमुख कारण आहे. या सांध्यास आम्ही प्रस्तुत लेखांत बंदुकीची 'बैठक' असें म्हणूं.

हा विषय कारागिरांचा आहे, इतिहासाचा नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु एका गोळीनें लढाईचा निकाल लागल्याचे प्रसंग आपल्या इतिहासांत आहेत. आणि असे प्रसंग वर्णन करितांना जुने ग्रंथकार बहुधा दैवाकडे बोट दाखवून पुढें जातात. दैव किती व हत्यार किती, याचा निवाडा करावयाचा तर हत्याराची रचना समजली पाहिजे. वऱ्हाडांतील रोहिणखेड येथें इ. स. १५९१ मध्यें असाच एक प्रसंग घडला. तो पुढें ठेवून बैठकीचा विचार करावा, आणि बैठकीच्या विचारानें तो प्रसंग पुन्हां वाचून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२

रोहिणखेड हें गांव हल्लीं बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत मोडतें. बालाघाटाचें पठार संपून पायनघाटाकडे उतार लागतो, त्या डोंगरकडेच्या वाटेवरील हें ठिकाण आहे. बऱ्हाणपुराकडून दक्षिणेंत येणाऱ्या व दक्षिणेंतून खानदेश-वऱ्हाडांत उतरणाऱ्या फौजांस ही वाट सोयीची. त्यामुळें दीडशें वर्षांच्या अंतरानें येथें दोन मोठ्या लढाया झाल्या.

पहिली लढाई इ. स. १४३७ मधील. खानदेशचा नसीरखान फारुकी याची कन्या बहमनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन अहमद यास दिली होती. संगमेश्वरच्या राजाची कन्या सुलतानाच्या जनान्यांत आल्यावर आपल्या मुलीचा मान गेला, या रागानें नसीरखान वऱ्हाडांत शिरला. तेव्हां खलफ हसन मलिक-उत्-तुज्जार यानें परदेशी पथकें बरोबर घेऊन रोहिणखेड येथें त्याचा मोड केला आणि बऱ्हाणपुरापर्यंत त्याचा पाठलाग केला. त्या काळीं दूरवर मारा करण्याचें मुख्य हत्यार धनुष्यबाण हेंच होतें.

दुसरी लढाई निजामशाहीच्या गादीसंबंधानें झाली. इ. स. १५८९ मध्यें अहमदनगरास मीरान हुसेन निजामशहा मारला गेला. त्या गोंधळांत जमालखान या महदवी सरदारानें दक्षिणी मंडळींस हातीं धरून सत्ता बळकावली व इस्माईल या अल्पवयी मुलास तख्तावर बसविलें. इस्माईलचा बाप बुऱ्हाण हा त्या वेळीं अकबराच्या आश्रयास होता. पोरगा तख्तावर आणि बाप परमुलखांत, अशी ही विलक्षण स्थिति होती. अकबराच्या संमतीनें बुऱ्हाण दक्षिणेकडे निघाला. मात्र मोंगली फौज बरोबर आणली तर दक्षिणी सरदार बिथरतील हें ओळखून त्यानें ती घेतली नाहीं. पहिला प्रयत्न फसल्यावर त्यानें खानदेशचा राजा अलीखान फारुकी याचें साह्य मिळविलें. विजापूरकरांनींहि दक्षिणेकडून फौज पाठवून जमालखानास पेंचांत धरण्याचा बेत केला. जमालखान मोठा धडाडीचा. त्यानें प्रथम धाराशिवाजवळ विजापूरच्या फौजेचा मोड केला आणि तसाच उलटून तो उत्तरेकडे बुऱ्हाणावर चालून गेला. वऱ्हाडांतील सरदार तोंवर बुऱ्हाणास मिळाले होते.

हि. स. ९९९ च्या रज्जब महिन्याच्या १३ तारखेस, म्हणजे इ. स. १५९१ च्या मे महिन्याच्या ७ तारखेस, रोहिणखेड येथें गांठ पडली. ऐन उन्हाळा, जमालखानाची फौज उन्हानें व पाण्यावांचून हैराण झालेली. तरीहि ती निकरानें लढली. लढाई रंगांत असतां जमालखानास बंदुकीची गोळी लागली व तो ठार झाला. तो पडतांच त्याची फौज फुटली. इस्माईल बापाच्या हातीं सांपडला, आणि बुऱ्हाण निजामशहा अहमदनगरच्या तख्तावर बसला. त्यानें इ. स. १५९५ पर्यंत राज्य केलें. त्याच्या मृत्यूनंतर माजलेल्या दुफळींत मोंगल अहमदनगरावर आले, चांदबिबीनें शहर राखलें, आणि इ. स. १५९६ मध्यें तहांत वऱ्हाड मोंगलांस द्यावें लागलें. एका गोळीच्या मागून पांच वर्षांत इतक्या उलाढाली झाल्या.

रोहिणखेडास खुदावंदखान महदवी यानें हि. स. ९९० म्हणजे इ. स. १५८२ मध्यें बांधलेली मशीद आहे. जमालखान त्याच पंथाचा. आपल्याच पंथाच्या सरदारानें नऊ वर्षांपूर्वीं उभारलेल्या मशिदीच्या परिसरांत जमालखानाची सत्ता संपावी, हा योगायोग लक्षांत राहण्यासारखा आहे.

३

आतां हत्यार पाहूं. तोडेदार बंदुकीची रचना थोडक्यांत अशी. नळी लांब व बहुधा गुळगुळीत पोटाची असते. बुडाशीं जाड, तेथून निमुळती होत जाऊन तोंडाशीं पुन्हां किंचित् फुगलेली. बुडाच्या उजव्या अंगास रंजक ठेवण्याची लहानशी वाटी असते व तिच्यावर सरकतें झांकण. वाटींतून नळीच्या पोटांत जाणारें बारीक छिद्र तो बंदुकीचा कान. पेटती जामगी धरणारा चाप कुंद्याच्या पोटांतील फटींतून वर येतो. खालचा खटका दाबला कीं जामगीचें टोंक वाटींत उतरतें, रंजक उडते व बार होतो.

कुंदा सरळ व सडपातळ असतो. खांद्याकडील भाग पुष्कळदां पांच पैलूंचा. चापाच्या जागीं दोन्ही बाजूंस लोखंडी पट्ट्या मारलेल्या असतात, कारण तेथें फट पाडल्यामुळें लांकूड अशक्त झालेलें असतें. कुंद्याच्या माथ्यावर नळीच्या मापाची खोबण कोरतात व तींत नळी बसवितात. येथपर्यंत सर्व देशांच्या बंदुका सारख्याच. फरक पुढें आहे. यूरोपांतील बंदुकींत नळीच्या बुडास मागें एक जीभ काढून ती स्क्रूनें लांकडांत पक्की करीत. नळीच्या पोटाखालीं लहान कड्या ठेवून त्यांतून आडव्या खुंट्या मारीत. आपल्याकडील तोडेदार बंदुकींत बहुधा नळी व कुंदा हीं दोन्ही कातड्याच्या वाद्यांनीं किंवा तारेच्या वेढ्यांनीं एकत्र आंवळलेलीं असतात. चांगल्या बंदुकींत तारेखालीं, नळीच्या पाठीवर, खोगिराच्या आकाराचें चांदीचें पान बसवितात. त्यामुळें तार नळीस खात नाहीं आणि वेढे जागचे हलत नाहींत. पाहणारे या पानास नुसता दागिना समजतात. तो दागिना आहेच. परंतु त्याचें पहिलें काम बैठक राखण्याचें आहे.

या आंवळणीस अडाणी कारागिरांची रीत म्हणून हिणविणें चुकीचें होईल. लांकूड ओल खाऊन आडवें फुगतें व उन्हांत आक्रसतें. लोखंड हवेंतील ओलीनें फुगत नाहीं. खुंट्या मारून जखडलेली नळी फुगलेल्या लांकडाच्या कचाट्यांत सांपडते आणि तीवर एकीकडून ताण येतो. बंदांनीं आंवळलेल्या नळीस थोडी मोकळीक राहते. शिवाय बंद सोडून नळी काढणें, धुणें व पुन्हां बसविणें सोपें; खुंट्या वारंवार काढल्या तर लांकडांतील छिद्रें मोठीं होतात. उलट बाजूस आंवळणीचे दोषहि आहेत. कातडें पावसाळ्यांत सैल पडतें व उन्हाळ्यांत ताठ होतें; तार ओलीनें सैल पडत नाहीं, पण उन्हानें लांकूड आक्रसलें म्हणजे तिचे वेढे ढिले होतात. म्हणून ऋतु बदलला कीं बैठक तपासणें हें बंदूकवाल्याचें नेहमींचें काम होतें असें समजावें.

४

रोहिणखेडच्या लढाईच्या सुमारासच, अकबराच्या दरबारीं, अबुल फजल हा आईन-इ-अकबरी लिहीत होता. तींत बंदुका घडविण्याची हकीकत सविस्तर आली आहे. ती बहुतेकांनीं नळीच्या दृष्टीनें वाचली आहे. पूर्वीं लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या कडा एकमेकींस जोडीत, त्यामुळें नळ्या फुटत व नळीचा चौथा हिस्साच दारूनें भरतां येई. पुढें पत्रा तिरकस पिळून त्याच्या घड्या एकीवर एक बसवून तापवून सांधण्याची रीत निघाली. किंवा लोखंडाचे भरीव तुकडे तापवून सळईनें भोंसकीत व तसे तीनचार तुकडे जोडून एक नळी करीत. लांब बंदूक दोन गजांपर्यंत, लहान सव्वा गजाची. लहानीस दमानक म्हणत. लांब बंदुकीची गोळी जास्तींत जास्त २५ टांक, लहानीची १५ टांक. ही माहिती सुपरिचित आहे.

पण त्याच प्रकरणांत बैठकीसंबंधानें जें आलें आहे तिकडे लक्ष द्यावें. नळीचें बूड बंद झाल्यावर ती प्रथम एका जुन्या कुंद्यावर चढवीत, तृतीयांश दारूनें भरीत व बार काढून पाहत. दारू कोठून फुटत नाहीं अशी खात्री झाली म्हणजे नळीचें तोंड पुरें करीत आणि पुन्हां कुंद्यावर ठेवून परीक्षा घेत. गोळी वांकडी जाते असें दिसलें तर नळी तापवून, आंत सळई घालून सरळ करीत. या सर्व पायऱ्या झाल्यावर मग तिच्यासाठीं कुंद्याचें लांकूड व घडण ठरवीत. चाप, गज वगैरे बसून बंदूक तयार झाली कीं पुन्हां परीक्षा. या अवस्थेंतील बंदुकीस सादी म्हणत व तिच्याबरोबर पांच गोळ्या पाठवीत. कुंद्यास नऊ रंगांपैकीं एक रंग देऊन ती रंगीन झाली कीं पुन्हां पांच गोळ्यांनिशीं ती बादशहापुढें जाई. चार गोळ्या उडवून पांचवी परत येई.

या क्रमांतून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. एका कुंद्यावर परीक्षा उतरलेली नळी दुसऱ्या कुंद्यावर तशीच लागेल असें त्या कारखान्यांत कोणी गृहीत धरीत नसे. नळीची परीक्षा निराळी व बंदुकीची परीक्षा निराळी. लांकूड बदललें, रंग चढला, बंद पुन्हां आंवळले, कीं गोळी पुन्हां टाकून पाहावयाची. बैठकीचें महत्त्व शब्दांनीं सांगितलेलें नाहीं. तें कामाच्या रीतींत आहे.

आतां याच प्रकरणांतील दुसरी गोष्ट पाहा. प्रत्येक बंदुकीवर कच्च्या लोखंडाचें व घडलेल्या लोखंडाचें वजन, लोखंड कोठचें, कारागीर कोण, बंदूक कोठें झाली, तारीख व अनुक्रमांक एवढें कोरावें असा नियम होता. यांत लांकूड कोठचें व कुंदा कोणी बसविला याचा उल्लेख नाहीं. लोखंडाच्या कारागिराचें नांव राहिलें, खोबण कोरणाऱ्या सुताराचें राहिलें नाहीं. हल्लींच्या याद्यांत जी उणीव आम्ही प्रारंभीं सांगितली तिचें मूळ इतकें जुनें आहे. आमच्याकडील राजनीतीच्या ग्रंथांतहि असेंच आढळतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू व बाण वरचेवर बाहेर काढून ऊन द्यावें, अशी बारीक काळजी घेतली आहे. पण बंदुकीच्या लांकडाची काळजी कारागिराच्या हाताखालींच राहिली, कागदावर आली नाहीं.

५

बैठकीनें नेम कसा सुधारतो किंवा बिघडतो, हें आतां सांगितलें पाहिजे. बार होतांच नळी निश्चल राहत नाहीं. छेडलेल्या तारेप्रमाणें ती थरथरते, आणि गोळी तोंडांतून निघते त्या क्षणीं तोंड जरासें वर, खालीं किंवा बाजूस असतें. ही थरथर प्रत्येक बाराला सारखीच असेल तर चूकहि सारखीच राहील, आणि माशी पाहून नेम धरणारा ती अनुभवानें भरून काढील. परंतु नळी आज एका ठिकाणीं लांकडास टेकते व उद्यां दुसऱ्या ठिकाणीं, असें असेल तर चूक दरवेळीं बदलेल; मग कितीहि कसलेला नेमबाज असो, त्याचा उपाय चालत नाहीं.

यावरून चांगल्या बैठकीच्या तीन अटी निघतात. पहिली, नळीचें बूड मागील लांकडास सपाट व पूर्ण टेकलेलें असावें, म्हणजे बाराचा धक्का सरळ मागें जाईल. दुसरी, खोबणींत नळी पिळली किंवा वांकली जाऊं नये. तिसरी, पुढच्या बाजूस नळी लांकडास टेकत असेल तर नेहमीं एकाच जागीं व एकाच जोरानें टेकावी, नाहींतर मुळींच टेकूं नये. कुंदा बसविणारे कारागीर नळीस काजळी फांसून ती खोबणींत दाबतात. लांकडावर जेथें काळा डाग उठेल तो उंचवटा. तो खरवडून पुन्हां दाबावयाचें, आणि सर्व खोबणीभर सारखा डाग उठेपर्यंत हें चालवावयाचें. काम सोपें दिसतें, पण दिवसचे दिवस घेतें.

आजच्या रायफलींतहि अटी ह्याच आहेत, साधनें मात्र बदललीं. लांकडाची खोबण थोडी मोठी करून तींत इपॉक्सीचा लेप ओततात. तो नळीच्या बुडाभोंवतीं घट्ट होऊन लोखंडाचा हुबेहूब ठसा घेतो. स्क्रूंभोंवतीं ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवितात, म्हणजे स्क्रू आंवळतांना लांकूड चेपत नाहीं. पुढील नळी पुष्कळदां अधांतरी ठेवतात व नळी आणि लांकूड यांमधून कागदाची पट्टी सरकवून ती खरोखर सुटी आहे कीं नाहीं हें पाहतात. ब्रिटिश फौजेच्या चौथ्या क्रमांकाच्या ली-एनफील्ड रायफलींत दुसरा मार्ग होता: पुढील लांकडानें नळीस खालून दोन ते सात पौंडांचा दाब द्यावा अशी मर्यादा ठरलेली होती. म्हणजे एकानें स्पर्श अजीबात टाळला, दुसऱ्यानें तो मोजून ठेवला. आमच्या तोडेदार बंदुकीची आंवळणी या दुसऱ्या जातीची. तारेचे वेढे सारखे असतील, त्यांखालीं पान असेल आणि खोबण साफ असेल, तर दाब स्थिर राहतो.

मात्र बैठकीस तिच्या योग्यतेहून अधिक श्रेय देऊं नये. गुळगुळीत पोटाच्या नळींत गोळी थोडी सैल असते. ती नळीच्या कडांना घांसत बाहेर येते व कशीहि गिरकी घेऊन भरकटते. बेंजामिन रॉबिन्स यानें इ. स. १७४२ च्या आपल्या ग्रंथांत हें कारण दाखविलें. नळीच्या पोटांत पीळ पाडल्यावांचून हा दोष जात नाहीं. म्हणून साध्या बंदुकीनें शंभर यार्डांच्या पलीकडे एकट्या माणसावर भरंवशानें गोळी टाकणें कठीण. बैठक उत्तम असली तरी कठीणच. बैठकीनें अंतर फारसें वाढत नाहीं. त्या अंतराच्या आंतला भरंवसा वाढतो.

६

हे विचार घेऊन रोहिणखेडास परत येऊं. तीन प्रसंग शेजारीं ठेवले म्हणजे मुद्दा उकलतो.

पहिला प्रसंग चितोडचा. इ. स. १५६८ च्या फेब्रुवारींत रात्रीच्या वेळीं मशालींच्या उजेडांत जयमल तटाचें खिंडार बुजविण्याच्या कामावर देखरेख करीत होता. अकबरानें संग्राम नांवाच्या आपल्या आवडत्या बंदुकीनें त्यास टिपलें. येथें माणूस एका जागीं, उजेडांत. मारणाऱ्याची बंदूक परिचयाची. संग्रामनें १,०१९ जनावरें मारल्याची नोंद आईनेंत आहे. इतक्या वेळां उडविलेल्या बंदुकीची चूक तिच्या धन्यास पाठ झालेली असते. ही गोळी नेमाची.

दुसरा प्रसंग पानिपतचा. इ. स. १७६१ च्या जानेवारीच्या १४ तारखेस विश्वासराव गोळी लागून पडले. त्या दिवशीं रणांगणावर बंदुका, जंबुरे व तोफा यांचा भडिमार चालला होता. तेथें एका माणसाच्या नेमाची गोष्ट काढणेंच व्यर्थ आहे. ही गोळी गर्दीची.

रोहिणखेडची गोळी यांपैकीं कोणत्या जातीची? हवेच्या दृष्टीनें पाहतां मे महिन्यांतील तो दिवस बंदुकांस अनुकूल होता. दारू कोरडी, जामगी विझण्याचें भय नाहीं, कातड्याचे बंद ताठ. पावसाळ्यांत ज्या बंदुका निरुपयोगी ठरत, त्या यावेळीं पूर्ण गुणाच्या होत्या. ज्या उन्हानें जमालखानाचीं माणसें व जनावरें हैराण झालीं, त्याच उन्हानें बंदूकवाल्यांचें काम सोपें केलें. परंतु बंदूक कितीहि उत्तम स्थितींत असली तरी ती शंभर यार्डांच्या पलीकडील हलत्या माणसावर भरंवशाची नव्हती, हें वर आलेंच आहे. यावरून आमचें अनुमान असें कीं, जमालखान गोळीच्या टप्प्यांत, म्हणजे शत्रूच्या बंदूकवाल्यांच्या अगदीं समोर, स्वतः येऊन पोंचला होता. तहानेनें गांजलेली फौज थांबूं शकत नव्हती. थांबणें म्हणजे मरणें. तिला पुढें नेणारा सेनापति मागें राहूं शकत नव्हता. धाराशिवाहून एवढी मजल मारून येणारा धाडसी पुरुष आघाडीस असणें हें त्याच्या स्वभावासहि धरूनच आहे.

मग ती गोळी अवचित लागली असें म्हणण्यांत कितपत अर्थ राहतो? कोणाच्या बंदुकीची गोळी लागली हा दैवयोग खरा. पण सेनापतीस गोळी लागावी अशी स्थिति पाण्यानें, उन्हानें, घाटानें आणि प्रतिपक्षाच्या कोरड्या दारूनें आधींच घडविली होती. चितोडास नेमानें माणूस शोधला. रोहिणखेडास माणूसच टप्प्यांत आला. हत्याराची मर्यादा ओळखली म्हणजे ती गोळी सेनापति कोठें उभा होता याची साक्ष देऊं लागते. लढाईच्या वर्णनांत जें लिहिलेलें नाहीं तें हत्याराच्या रचनेवरून वाचतां येतें, तें असें.

७

पुढील काळांत बैठकीची रीत बदलली. अठराव्या शतकांत गारदी पलटणी आल्या व त्यांच्याबरोबर चकमकीची बंदूक प्रचारांत आली. महादजी शिंदे यांच्या पदरीं द बॉयन यानें कवायती पलटणी उभारल्या, तेव्हां आग्र्यास सँग्स्टर नांवाच्या स्कॉट कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा व बंदुका होऊं लागल्या. या बंदुका यूरोपी नमुन्याच्या, म्हणजे जीभ, स्क्रू व आडव्या खुंट्या यांच्या. चाप व घोडा यांचें सर्व यंत्र लांकडाच्या बाजूंत कोरून बसवावें लागे. त्यामुळें सुताराचें काम पूर्वींपेक्षां नाजूक झालें. तरीहि तोडेदार बंदूक गेली नाहीं. गांवोगांव, गढ्यांवर व शिकारींत ती एकोणिसाव्या शतकांतहि चालू होती, कारण ती गांवचा लोहार व गांवचा सुतार मिळून दुरुस्त करूं शकत.

इ. स. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्याची अट आली आणि घरोघरच्या बंदुका माळ्यावर किंवा सरकारांत गेल्या. माळ्यावर राहिलेल्यांचें लांकूड वाळवीनें खाल्लें, कातड्याचे बंद तुटले. नळ्या तेवढ्या उरल्या. पुढें जुन्या वस्तूंस किंमत येऊं लागली, तेव्हां व्यापाऱ्यांनीं सुट्या नळ्या भलत्याच कुंद्यांवर चढविल्या, नवी चकचकीत तार गुंडाळली व रोगण लावून विकल्या. अशा जोडबंदुका संग्रहांत अस्सल म्हणून नांदत आहेत. नळीवरील लेख खरा असतो. बंदूक खोटी असते. लेखावरून सबंध बंदुकीचा काळ ठरविणारा संशोधक येथें फसतो.

८

पोथ्या जमविणाऱ्या आमच्या वाचकांस ही गोष्ट निराळी सांगावयास नको. पोथीचीं पानें ठेवून तिचें बासन, फळ्या व दोरी टाकून देणारा मनुष्य पोथीचा अर्धा इतिहास टाकून देतो. कोणत्या घरची, कोणत्या रुमालांतली, कोणाच्या हातची, याचा पुरावा त्यांतच असतो. बंदुकीचे बंद व खोबण हीं तिचीं बासनेंच होत. म्हणून संग्राहकांपुढें कांहीं सूचना ठेवतों.

बंदूक हातीं येतांच प्रथम ती भरलेली नाहीं याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. तोंडांतून लांकडी काठी बुडापर्यंत घालून तिची लांबी बाहेरून नळीशीं ताडून पाहावी. काठी आंत कमी गेली तर जुना बार आंत आहे असें समजावें. जुनी बंदूक उडवून पाहण्याचा मोह कधींहि धरूं नये. इ. स. १९५९ चा हत्यारांचा कायदा व इ. स. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा यांप्रमाणें परवाना व नोंदणी यांची व्यवस्था आधीं करावी.

बंद सोडण्यापूर्वीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. वेढे किती, तार कशाची, एका बंदापासून दुसरा किती अंतरावर, पान आहे कीं नाहीं, हें लिहून ठेवावें. सध्यांच्या बंदांशेजारीं लांकडांत जुन्या वेढ्यांचे वळ दिसत असतील तर त्यांचीं मापें घ्यावीं. बंद बदलल्याचा तो पुरावा होय. बंद मूळचे व मजबूत असतील तर केवळ कुतूहलासाठीं ते सोडूं नयेत.

नळी आधींच सुटी असेल तर खोबण पाहावी. जेथें लोखंड घट्ट टेकत होतें तेथें लांकूड चकाकतें किंवा गंजाचा डाग धरतें. जेथें टेकत नव्हतें तेथें धूळ सांचलेली असते. नळीच्या बुडामागचें लांकूड चेपलें असेल तर बंदूक पुष्कळ वापरली गेली असें समजावें; नळी जुनी व झिजलेली, पण हें लांकूड अगदीं कोरें, असें दिसल्यास जोडबंदुकीचा संशय धरावा. नळीवरील डाग व खोबणींतील डाग एकमेकांशीं जुळतात काय, हें ताडून पाहावें. खोबणींत लाख, मेण, चिंधी किंवा कागदाची घडी आढळली तर ती कचरा म्हणून काढून टाकूं नये. बैठक सुधारण्यासाठीं कोणी कारागिरानें ती घातलेली असूं शकेल. आणि कागदावर दोन ओळी मोडी असतील तर त्या बंदुकीचें गांव व काळ सांगून जातील.

शेवटीं, शिलेखान्याच्या जुन्या शिक्क्यांकडे व खुणांकडे लक्ष द्यावें. बिकानेरच्या शिलेखान्यांतील शस्त्रांवर ठिपक्यांनीं कोरलेल्या नागरी अक्षरांत आदोनीच्या लुटीचा उल्लेख सांपडतो, व त्यावरून दक्षिणेंतून उत्तरेंत गेलेलीं शस्त्रें ओळखतां आलीं. तशा खुणा लांकडावर असतील तर त्या रोगणाखालीं जातात. म्हणून जुन्या कुंद्यास नवें रोगण देणें हें लेख पुसण्यासारखेंच आहे. दप्तरें चाळणाऱ्यांनीं शिलेखान्याच्या जमाखर्चांत कुंदे, वाद्या, तार व सुताराची मजुरी या बाबी वगळूं नयेत. तोफा व दारू यांच्या मोठ्या रकमांच्या खालीं या लहान रकमा दबलेल्या असतात. ज्या सुतारांचीं नांवें नळीवर कोरलीं गेलीं नाहींत, तीं नोंदलीं गेलीं असलींच तर याच ठिकाणीं सांपडतील. अशा नोंदी ज्यांच्या हातीं येतील त्यांनीं त्या, रक्कम कितीहि क्षुल्लक असो, मूळ शब्दांसह प्रसिद्ध कराव्यात, अशी आमची विनंति आहे.